रिकाम्या गाडीचं माप

बायको हुशार असावी, असं सगळेच नवरे म्हणतात. आपल्याच धंद्यात हुशार असावी, असं म्हणणारा नवरा अजून जन्माला यायचा आहे. जावईबापूंनीही तसं काही मागितलं नव्हतं. पण न मागताच ते पदरात पडलं, आणि रोज, डोळ्यांदेखत, सगळ्या मिस्त्र्यांसमोर.

‘जावईबापू’ हे त्यांचं नाव नव्हे, हे आधी सांगायला हवं. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते या वर्कशॉपमध्ये होते. पाने पुसत पुसत इंजिन उतरवायला शिकले, चांगले मिस्त्री झाले, आणि तोवर सगळे त्यांना नावानं हाक मारत. मग मालकांच्या थोरल्या मुलीशी लग्न झालं आणि नाव गेलं ते गेलंच. वेल्डर जावईबापू म्हणे, पेंटर म्हणे, समोरचा टायरवाला म्हणे. हाकेत मान होता, नाही असं नाही. पण दिवसभर ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या माणसाला दर हाकेसरशी कुणीतरी आठवण करून देत होतं, की बाबा रे, तू इथं कामानं नाहीस, लग्नानं आहेस.

म्हणून त्यांचा सगळा जीव शेवटच्या फेरीत अडकला होता.

शेवटची फेरी ही त्या वर्कशॉपची जुनी रीत. काम कुणीही करो, गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी मालक, म्हणजे सगळे ज्यांना उस्ताद म्हणत ते सासरेबुवा, ती स्वतः हमरस्त्यावर चालवून आणत. परत आल्यावर त्यांनी किल्ली गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवली तर काम पास. खिळ्याला अडकवली तर गाडी परत दुरुस्तीच्या खड्ड्यावर, आणि मिस्त्री परत खड्ड्यात. का म्हणून विचारायची सोय नव्हती. पण आता उस्तादांचे गुडघे कामातून गेले होते. क्लच दाबताना त्यांचं तोंड असं वाकडं होई, की गिऱ्हाइकाला वाटे गाडीतच काही खोट आहे. एक दिवस चहा पिता पिता ते म्हणाले, “फेरी आता मला झेपत नाही. देतो लवकरच कुणाच्या तरी हातात.”

‘कुणाच्या तरी’ म्हणताना त्यांनी कपात पाहिलं, जावयाकडं नाही. तेवढ्यानंच जावईबापूंनी आपला कप अर्धाच खाली ठेवला. ही एकच गोष्ट या वर्कशॉपमध्ये लग्नानं मिळत नव्हती. ती मिळाली की कुणी काही म्हणो, आपण आपल्या हिमतीवर इथं आहोत हे सिद्ध झालं असतं. आजवर त्यांना खात्री होती, की ‘कुणीतरी’ म्हणजे आपणच. पण आता ‘कुणीतरी’ दोघं होते.

मुलं दिवसभराच्या शाळेत जायला लागली, तशी बायको वर्कशॉपमध्ये यायला लागली होती. आधी नुसती सुट्या भागांच्या कपाटाशी उभी राहायची. मग एकदा एक टॅक्सी आली, जिच्यातली घरघर कुणालाच सापडत नव्हती. ही मागच्या सीटवर बसली, तळहात खाली गाडीच्या तळाला टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाली, “डावीकडचं मागचं बेअरिंग.” उघडून पाहिलं तर तेच. उस्ताद हसले. जावईबापूंनी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. नातू झाला तेव्हासुद्धा म्हातारा बेतानंच हसला होता.

तेव्हापासून जावईबापूंच्या पोटात दुखायला लागलं. बायकोचा तळहात त्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. जेवायला वाढताना तो हात समोर आला, तरी त्यांना घास कडू लागे. एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून त्यांनी कपडे पिळत असलेल्या वॉशिंग मशीनवर आपला तळहात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ उभे राहिले. त्यांना एवढंच कळलं, की ते वॉशिंग मशीन आहे.

अशात मधवाला आला.

मधवाला म्हणजे डोंगरात मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारा माणूस. दगडधोंड्यांच्या वाटेनं पेट्या वर नेता याव्यात म्हणून त्यानं आपली पिकअप दुसरीकडून उंच करून घेतली होती. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ठोकळे, खाली दांडगे टायर. गाडी दिसायला झकास झाली, पण तेव्हापासून तिला कापरं भरलं.

“उस्ताद, चढावर जोर दिला की बुडाखाली थरथर सुरू होते,” तो म्हणाला. “माणूस सहन करील हो, माश्या नाही करत. पेट्या घुमायला लागतात. झाकण काढलं की सगळ्या माझ्यावर. त्यांना काय ठाऊक, गाडी कुणी बिघडवली ते!”

फेरीला तिघं गेले. जावईबापू चालवायला, शेजारी बायको, मागच्या सीटवर उस्ताद. चढ लागला तशी थरथर आली. बायकोनं वाकून तळहात खाली टेकवला.

“सोडा जरा पाय. हं. आता द्या. पुन्हा सोडा.” मग ती सरळ झाली. “चाकं नाहीत, बाबा. चाकं असती तर वेगाबरोबर वाढत गेली असती. ही जोर दिला की येते, सोडला की जाते. शाफ्टचा कोन बिघडलाय.”

“बरोब्बर!” मागून उस्ताद म्हणाले.

आता खरं सांगायचं तर हेच जावईबापू म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांच्या धुऱ्याकडं ताकद नेणारा तो लांब दांडा, म्हणजे शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे सारखेच वाकलेले असले तर तो सुरळीत फिरतो. गाडी उचलली की एक सांधा जास्त वाकतो, दुसरा कमी, आणि दांडा फिरताना धडपडतो. हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण बोलायचं ते बायको बोलून मोकळी झाली, आणि ‘बरोब्बर’ तिच्या वाट्याला गेलं. परत येताना त्यांनी गिअर असे बदलले, की उस्ताद म्हणाले, “अरे, गाडी मधवाल्याची आहे.”

उपायही सगळ्यांना ठाऊक होता. धुरा आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालायची, म्हणजे धुऱ्याचं तोंड हवं तेवढं वळतं. प्रश्न एवढाच, की पाचर किती जाड. ते कोन मोजून ठरवायचं.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, “अहो, माप पेट्या चढवून घ्यायला हवं. तो माणूस रिकामा कधी हिंडतो? ओझ्यानं पाटे दबणार, धुरा वर येणार, कोन निराळाच येणार. उद्या दुपारी दुसऱ्या गाडीत पेट्या घालूनच बोलवूया का त्याला?”

“बघू,” जावईबापू म्हणाले.

त्यांना कळलं होतं. ती बरोबर बोलतेय हेही कळलं होतं, आणि तेच तर दुखत होतं. उद्या दुपारी पेट्या येणार, ही खड्ड्यात उतरणार, माप हिचं, पाचर हिची, म्हातारा पुन्हा तसाच हसणार. आणि आपण काय करायचं? पाने पुसायचे? लग्नाआधीही पाने पुसले, लग्नानंतरही पाने पुसायचे!

सकाळी ते चहा न घेताच निघाले. “मुलांना आज तू सोड,” एवढंच म्हणाले. पिकअप खड्ड्यावर घेतली, खाली उतरले, कोन मोजले. काम त्यांनी मन लावून केलं, चोख केलं. एक एक माप पुन्हा पुन्हा तपासलं. फक्त गाडी रिकामी होती. ‘असा कितीसा फरक पडणार,’ असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि समजून घ्यायला ते आधीच तयार होते. लेथवाल्याकडून पाचरी करून आणल्या, बसवल्या, सगळे बोल्ट आवळले. बायको येईस्तोवर उस्ताद फेरीला जाऊनसुद्धा आले होते.

उस्तादांनी किल्ली मधवाल्याच्या तळहातावर ठेवली. “लोण्यासारखी चालतेय,” ते म्हणाले, आणि त्यांनी जावयाच्या खांद्यावर थाप मारली. ग्रीसनं माखलेल्या त्या खांद्याला ती थाप दुपारपर्यंत जाणवत राहिली.

बायकोनं हळूच विचारलं, “पेट्या?”

“गरज पडली नाही,” जावईबापू म्हणाले. तुला डावललं, हेही स्वरात येईल अशी त्यांनी व्यवस्था केली होती.

“पडली नाही? मग छानच झालं,” ती म्हणाली आणि कपाटाकडं गेली. जावईबापूंनी तिच्या पाठीकडं निरखून पाहिलं. आतून जळत असणार, दाखवत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्याच दुपारी उशिरा मधवाला परत आला तो असा, की वर्कशॉपमध्ये पळापळ झाली. एक डोळा सुजून बंद, कान वांग्यासारखा, आणि मागं पेट्यांनी भरलेली पिकअप, भोवती घोंघावणाऱ्या माश्या. पेंटर गाडीखाली घुसला. टायरवाल्यानं समोरून शटर ओढलं. वेल्डरनं तोंडावर काळा मुखवटा चढवला आणि हातात काम नसताना तो तसाच बसून राहिला.

“लोण्यासारखी म्हणालात ना?” मधवाला ओरडला. “रिकामी होती तोवर लोणीच होतं! पेट्या चढवल्या आणि पहिल्या चढाला असं थरथरायला लागलं, की दात वाजले माझे. वर पोचलो, पहिलं झाकण काढलं...” पुढचं सांगायची गरज नव्हती, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

उस्ताद खुर्चीतून उठले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, “फेरी मी मारली. पास मी केली. चूक माझी. रिकामी गाडी इतकी गुळगुळीत पळाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गुडघ्यांपुढं डोकं चाललं नाही.” मग ते मागं वळले. “पण माप रिकाम्या गाडीवर कुणी घेतलं?”

शेवटची फेरी जावईबापूंना समोर दिसत होती, आणि ती त्यांच्या देखत दुसऱ्याच्या हातात जात होती. कुणाच्या, हेही दिसत होतं. ती तिथंच उभी होती, माश्यांच्या भीतीनं डोकं ओढणीत गुंडाळून.

“माप हिचं,” जावईबापू म्हणाले. “मी नुसत्या पाचरी बसवल्या.”

बोलून गेल्यावर ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. बायकोनं ओढणी जराशी बाजूला केली आणि त्यांच्याकडं पाहिलं. आता ही सगळं काढणार, कालच्या घड्या घालतानाचं बोलणंसुद्धा काढणार, म्हणून जावईबापूंनी मान खाली घातली.

“हो, बाबा,” ती म्हणाली. “मीच घेतलं. पेट्यांचं लक्षातच आलं नाही.”

गाडीखालून पेंटर पुटपुटला, “तरीच!”

“बरं,” उस्ताद म्हणाले.

ऊन उतरलं तशा माश्या पेट्यांत परतल्या. बायको भरलेल्या गाडीखाली खड्ड्यात उतरली, जावईबापू तिच्यामागं. ती कामापुरतंच बोलत होती.

“पुसा तो सांधा. ग्रीस आहे. हं. आता मागचा धरा.”

पाचर पातळ करावी लागली. दांडा मध्ये जिथं बेअरिंगवर टेकतो तिथं पट्टी घालून तो थोडा खाली घ्यावा लागला. एकच दिवा होता, तो जावईबापूंनी धरला होता. तिचा तळहात त्या दांड्यावरून फिरत होता, आणि आज त्यांना त्या हाताकडं बघवत नव्हतं.

घरी गेल्यावर मुलं जेवून उठली तेव्हा त्यांनी विचारलंच. “तू हो का म्हणालीस?”

“मग काय करायचं? चारचौघांत तुम्हाला खोटं पाडायचं?”

“रागावली नाहीस?”

“रागावले ना! चांगलीच रागावलेय. म्हणून तर बोलत नाहीये.” तिनं ताटं उचलली. “होईल दोन दिवसांत शांत. तोवर माझ्या वाटेला जाऊ नका.”

दोन शिव्या दिल्या असत्या तरी जावईबापूंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी पेट्यांसकट गाडी नेली, चढ चढवून आणली आणि किल्ली मधवाल्याला दिली. त्याचा डोळा अजून अर्धाच उघडत होता, तरी तो हसला. तो गेल्यावर उस्तादांनी जावयाला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“फेरी आजपासून तू मारायची,” ते म्हणाले. खड्ड्यावर आदल्या दिवशी आलेली एक जीप तयार होती, तिची किल्ली त्यांनी जावयाच्या हातात दिली.

इतकी वर्षं ज्यासाठी झुरलो ते हे असं, उभ्या उभ्या? जावईबापू वाकून नमस्कार करायला गेले, तर उस्तादांनी पाय मागं घेतले.

“आधी ऐक. माप कुणी घेतलं ते मला ठाऊक आहे. परवा संध्याकाळी पोरीनं मला फोन केला होता. पेट्या दोन थरांत रचल्या तर मागच्या धुऱ्यावर किती ओझं येईल म्हणून विचारत होती. ती रिकाम्या गाडीवर माप घेईल?”

जावईबापू पुटपुटले, “बाबा, मी...”

“गप्प बस. मी सासरा म्हणून बोलायला लागलो तर तुझ्या कानाखाली जाळ निघेल. मी वर्कशॉपचा मालक म्हणून बोलतोय.” उस्ताद गुडघा धरून सावकाश खुर्चीत बसले. “हात तिचा चांगला. तुझ्यापेक्षा चांगला, माझ्यापेक्षाही. पण फेरीला नुसता हात पुरत नाही. आपल्या माणसाचं काम असलं तरी किल्ली खिळ्याला अडकवता आली पाहिजे. माझा भाऊ इथं मिस्त्री होता. त्याची तीन कामं मी परत पाठवली. तो गेला, अजून माझ्या दारात येत नाही. ही पोरगी ते करणार नाही. तू चुकलास तर ही स्वतःवर घेईल आणि गाडी पास करील. काल केलंच ना तिनं?”

“आणि मी?” जावईबापूंनी विचारलं. विचारायला नको होतं.

“तू कुणाची गय करायचा नाहीस,” उस्ताद म्हणाले. “बायकोनं न केलेली चूकसुद्धा तू तिच्या गळ्यात बांधलीस, सगळ्यांसमोर, पापणी न हलवता. या खुर्चीला असाच माणूस लागतो. देवानं तुला त्याच कामाला घडवलंय. जा आता.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. चांगला पाना निवडून बाजूला ठेवावा, तसं ते बोलले होते.

जावईबापू बाहेर आले. बायको नळाखाली हात धूत होती. तिनं मान वर केली.

“काय म्हणाले बाबा?”

ते एवढंच बोलू शकले, “फेरी मला दिली.”

आपलं दोन दिवसांचं न बोलणं ती तिथल्या तिथं विसरली. “खरंच?” ओले हात तसेच ओढणीला पुसत ती उठली आणि वळून अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशी ओरडली, “वेल्डरदादा, ऐकलंत का? फेरी आता यांची! आज चहा आमच्याकडून!” वेल्डरनं हातातलं काम ठेवलं, पेंटर हसत हसत पुढं आला, कुणीतरी टायरवाल्याला हाक मारली. सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला होता.

जावईबापू तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. एखादा सांधा हलवून हलवून त्यातली ढिलाई शोधावी, तसं त्यांनी तिच्या डोळ्यांत, ओठांच्या कडेला, हसण्याच्या मागं शोधून पाहिलं. कुठं तरी जळत असेल. थोडंसं तरी. जराशी राख सापडली असती तरी त्यांनी तिच्यापुढं हात जोडले असते. पण तिथं काही नव्हतं. जे त्यांच्या छातीत इतके दिवस धुमसत होतं, ते तिच्याकडं मुळी नव्हतंच.

“अहो, असे बघताय काय? या ना!” ती म्हणाली.

किल्ली मुठीत आवळून जावईबापू जागीच उभे राहिले. आजवर तिच्या हातावर ते पुष्कळ जळले होते. पण आत्ता, तिच्या त्या हसण्यावर ते जसे जळत होते, तसे कधीच जळले नव्हते.